घरातल्या बंद खोलीचे चित्र

चित्रकलेच्या तासाला विषय दिला होता, 'माझे कुटुंब'. मुले दरवर्षी जे काढतात तेच काढत होती. कौलारू घर, दारात अब्बा, हातात झारा घेतलेली अम्मी, तसबीह घेऊन बसलेली दादी, अंगणात शेळी. एका मुलीने मात्र घराला मागच्या बाजूने एक खोली जोडली होती. खोलीला दार, दाराला बाहेरून कडी, आणि खिडकीच्या गजांमागे एक माणूस. त्या माणसाला तोंड नव्हते. नुसता एक गोल होता.

आम्ही वहीवर वाकून म्हणालो, "बेटा, चित्र अर्धवट राहिलं. याला नाक, डोळे काढ की."

मुलीने आमच्याकडे एकदा पाहिले, रबर उचलले आणि तो माणूसच पुसून टाकला. मग खिडकी पुसली, मग दार. शेवटी हळूच म्हणाली, "चाचा आहेत, टीचर. पण कुणाला सांगायचं नाही. अम्मीने सांगितलंय."

मुलगी ओळखू येऊ नये म्हणून वर्ग आणि साल आम्ही मुद्दाम सांगत नाही. चूक कुणाची झाली, हे मात्र सांगतो. चूक आमची झाली. ते चित्र पूर्णच होते. घरात जसे दिसत होते तसे तिने काढले होते आणि आम्ही ते सुधारायला गेलो. शिक्षणशास्त्राची पदवी घेताना बालमानसशास्त्राचा पेपर आम्हीही दिला होता, पण त्या दिवशी तो उपयोगी पडला नाही.

नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या आमच्या वडनेरात कुणाच्या घरी साखर आली, कुणाला बीपी झाला, हे चहाच्या टपरीवर मोकळेपणाने बोलले जाते. हार्टचे ऑपरेशन झाले तर लोक गाडी करून भेटायला जातात. पण घरातला मुलगा एकटाच बोलू लागला, रात्र रात्र जागू लागला, आपल्या जेवणात कुणी काही टाकते असे म्हणू लागला, की त्या घराचा आवाज बंद होतो. पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत नेतात. कारण एकच, बहिणींची लग्ने व्हायची आहेत. "बुखार आहे," असे सांगून वर्षे काढलेली घरे आम्हाला माहीत आहेत. वाचकांनाही एखादे माहीत असेल.

चित्रांतून सांगितलेली दुःखे

त्या प्रसंगानंतर पुण्याला शिकणारा आमचा भाचा सुट्टीत आला. त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मामू, या विषयावर चित्रांच्या कादंबऱ्याच आहेत." आम्हाला हसू आले. आमच्या लहानपणी चित्रांचे पुस्तक म्हणजे 'चाचा चौधरी', फार तर 'अमर चित्रकथा'. घरात ती लपवून वाचायची आणि सापडली की मार खायचा. पण भाच्याने आणलेली पुस्तके वेगळी होती. इंग्रजी ग्राफिक नॉव्हेल्स. मराठीत आपण त्यांना चित्रकादंबऱ्या म्हणू. चौकटीमागून चौकट, थोडे शब्द, बाकी सगळे रेषांत. शब्दकोश शेजारी ठेवून आम्ही ती हळूहळू वाचली.

अशा पुस्तकांतून गंभीर गोष्टी सांगण्याची रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचे 'भीमायन' 2011 मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांच्या चित्रांसह निघाले. म्हणून चित्रे म्हणजे पोरखेळ, हा आमच्या पिढीचा समज आता सोडायला हवा.

भाच्याने आणलेले पहिले पुस्तक अमेरिकेतील आर्ट स्पीगलमन यांचे 'माउस'. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या आईवडिलांची ही कथा. तिला 1992 मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. छावणीतून सुटल्यावरही आईच्या मनावरची जखम भरली नाही. 1968 मध्ये तिने स्वतःचे आयुष्य संपवले. मुलगा तेव्हा विशीत होता आणि स्वतः मनोरुग्णालयातून नुकताच घरी आला होता. त्या दिवसांवर त्याने काढलेली छोटी चित्रकथा या पुस्तकातच आहे. तीत त्याने स्वतःला कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत दाखवले आहे. घरातल्या कुणी असा शेवट केला की मागे राहिलेले स्वतःलाच गुन्हेगार समजू लागतात. आमच्या विदर्भात कर्ज आणि नापिकीने ज्या घरांतला कर्ता माणूस गेला, त्या घरांतली मुले आमच्या वर्गांत बसतात. त्यांच्या अंगावर आम्हाला ते पट्टे दिसू लागले.

याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. आईने स्वतःच्या हकिकतीच्या वह्या लिहून ठेवल्या होत्या. मुलगा त्या शोधत राहतो. शेवटी वडील कबूल करतात की त्यांनी त्या जाळून टाकल्या. वडील वाईट नव्हते. त्यांना ती आठवण सोसवत नव्हती. पण वह्यांबरोबर आईचा आवाजही गेला. आम्हाला लगेच ते रबर आठवले.

भावाच्या आजाराचा अजगर

दुसरे पुस्तक फ्रान्सच्या डेव्हिड बी. यांचे. फ्रेंचमध्ये ते 1996 ते 2003 या काळात सहा भागांत आले आणि इंग्रजीत 'एपिलेप्टिक' या नावाने प्रसिद्ध आहे. लेखकाच्या थोरल्या भावाला मिरगीचा आजार. मिरगी हा मेंदूचा आजार आहे, त्याला मनोविकार म्हणता येणार नाही. पण घरावर दोन्हींचा परिणाम सारखाच होतो, आणि आपल्या समाजात दोन्हींना 'बाहेरचे' म्हणतात, म्हणून या पुस्तकाचा उल्लेख करतो.

या पुस्तकातले आईवडील शिकलेले आहेत. औषधाने गुण येत नाही म्हटल्यावर तेही मुलाला घेऊन फिरू लागतात. सुया टोचणारे, खास पथ्याचे अन्न खाणाऱ्यांच्या वस्त्या, मृतात्म्यांशी बोलणारे, कुणालाच ते सोडत नाहीत. प्रत्येक ठिकाणी थोडी आशा, मग निराशा, मग पुढचा पत्ता. हे वाचताना आम्हाला वाटले की नावे बदलली तर ही कथा हिंगणघाट तालुक्यातली होईल. ताईत, पाण्याची बाटली, लिंबू, गुरुवारच्या फेऱ्या, कुणीतरी सांगितलेले आणखी एक ठिकाण. या आईवडिलांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पुस्तक तसे हसत नाही. ते त्यांचे थकलेले चेहरे दाखवते.

चित्रकाराने भावाचा आजार एका लांबलचक अजगरासारख्या प्राण्याच्या रूपात काढला आहे. तो घरात शिरतो, भावाला वेढे घालतो आणि घरच्या सगळ्यांच्या आयुष्यात पसरतो. ज्या भावंडाला कुठलाही आजार नाही ते एका कोपऱ्यात बसून लढायांची चित्रे काढते. त्याच्याकडे पाहायला कुणाला वेळ नाही. आजारी मुलाच्या घरातील निरोगी मूल असे एकटे पडते. शाळेत आम्ही त्याला 'हल्ली लक्ष नसते' असा शेरा देतो.

आजारी भावानेच काढलेली चित्रे

तिसरे पुस्तक कॅनडातील कॅलगरी शहराचे, 'बिटर मेडिसिन', म्हणजे कडू औषध. ते 2010 मध्ये निघाले. मार्टिनी कुटुंबातील बेन या मुलाला 1976 मध्ये स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले. पुढे बेनने स्वतःचे जीवन संपवले. पहिल्या निदानाला दहा वर्षे होतात तोच दुसरा भाऊ ऑलिव्हिए यालाही तोच आजार निघाला. तिसरा भाऊ क्लेम हा नाटककार आणि प्राध्यापक. या पुस्तकातले लेखन क्लेमचे आहे आणि चित्रे ऑलिव्हिएची आहेत.

या कामाच्या वाटणीचे आम्हाला फार अप्रूप वाटले. एरवी आजारी माणसाबद्दल सगळे बोलतात, त्याला कुणी विचारत नाही. इथे ज्याला आजार आहे त्याच्याच हाती लेखणी आहे. गोळ्यांनी जडावलेले शरीर, दवाखान्यातले ताटकळणे, इतरांच्या नजरा, हे सारे तो साध्या काळ्या रेषांत काढतो. शेजारच्या मजकुरात भाऊ स्वतःची चिडचिड, भीती आणि बेनसाठी काही करता आले नाही याची खंत लिहितो. एका आजाराच्या दोन बाजू एकाच पानावर शेजारी बसतात. पुढे त्यांच्या म्हाताऱ्या आईला स्मृतिभ्रंश झाला, तेव्हा या दोन भावांनी त्यावर दुसरे पुस्तक केले. ते 2017 मध्ये आले.

याच कॅलगरी विद्यापीठात एक मराठी माणूस संख्याशास्त्र शिकवत होता. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवले नाही. परदेशात रुग्णांच्या नातेवाईकांचे गट कसे चालतात हे त्यांनी पाहिले आणि 1997 मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. याच संस्थेच्या मदतीने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' हा चित्रपट केला. तो 2004 मध्ये आला. आजारी शेषची भूमिका अतुल कुलकर्णी यांची आणि त्याला आपल्या घरी आणणाऱ्या बहिणीची भूमिका सोनाली कुलकर्णी यांची. त्या बहिणीची ओढाताण ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येत नाही. एकीकडे भाऊ, दुसरीकडे स्वतःचा संसार. चित्रकादंबऱ्यांनी जे काम तिकडे केले ते आपल्या मराठीत या चित्रपटाने केले.

पुस्तकातून पाहायचे तर मुंबईचे जेरी पिंटो यांची 2012 मधली कादंबरी आहे. शांता गोखले यांनी केलेला तिचा मराठी अनुवाद 'एम आणि हूमराव' या नावाने मिळतो. माहीममधील लहानसा फ्लॅट, मनोविकाराने ग्रासलेली आई, शांतपणे सारे सांभाळणारे वडील आणि दोन मुले. आई आजारी आहे, तशीच ती हजरजबाबी, प्रेमळ आणि विनोदीही आहे. आजार म्हणजेच माणूस, असे ही कादंबरी कुठेच मानत नाही.

मराठीतल्या आधारगटांनी या नात्यासाठी दोन सुंदर शब्द घडवले आहेत. आजारी माणसाला ते 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. 'पागल' हा एक शब्द आपल्या घरातून गेला आणि त्या जागी हे दोन शब्द आले, तरी पुष्कळ काम होईल.

आपला वारसा काय सांगतो

काही लोक म्हणतात की ईमान पक्के असेल तर मन आजारी पडत नाही. हे ऐकून आजारी माणूस आणखी खचतो, कारण आता त्याच्या ईमानावरही शंका येते. कुरआनातील सूरह यूसुफ आठवा. मुलाच्या विरहात हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे दुःखाने पांढरे पडले. ते तर अल्लाहचे पैगंबर होते. त्यांच्या ईमानावर कोण बोट ठेवणार? सूरह निसामध्ये, ज्यांना स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत त्यांना खाऊ-पिऊ घालावे, कपडे द्यावेत आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलावे, अशी आज्ञा आहे. अन्न आणि कपडे आपण कसेबसे देतो. भले शब्द राहून जातात. प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज उतरवला आहे, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण सहीह बुखारीत आहे. तीत मनाचा आजार वगळलेला नाही.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. अबू झैद अल-बल्खी हे विद्वान इ. स. 934 मध्ये वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. ज्या दुःखाला कारण दिसते आणि ज्याला काही कारण दिसत नाही, त्यांत त्यांनी फरक केला आणि दुसऱ्या प्रकाराला औषधोपचाराची गरज सांगितली. तुर्कस्तानातील एदिर्ने शहरात सुलतान बायझीद दुसरा याने 1488 मध्ये मशिदीसोबत शिफाखाना उभारला. तिथे मनोरुग्णांना संगीत ऐकवले जाई, मध्ये कारंज्याचे पाणी वाहत असे. आज तिथे संग्रहालय आहे.

असा वारसा सांगणाऱ्या आपल्याच समाजाने 6 ऑगस्ट 2001 हा दिवसही लक्षात ठेवला पाहिजे. तमिळनाडूत एरवाडी येथील दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी घरे होती. त्यांपैकी एका झोपडीवजा घराला त्या पहाटे आग लागली. माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. पळता आले नाही. 28 जण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांचे आईबाप आणि भाऊच होते. एपिलेप्टिकमधल्या आईवडिलांसारखे तेही ठिकाणे शोधून थकलेले असतील. दुआ करणे वेगळे आणि साखळी घालणे वेगळे. दुआ आम्हीही करतो आणि करत राहू. दुआ करून गोळी द्यावी, गोळी देऊन पुन्हा दुआ करावी.

आज कायदाही आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा असून तो 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच धरावे, असेही त्यात आहे.

घरात काय करता येईल

पहिली गोष्ट, आजाराला नाव द्या. घरातल्या मुलांना त्यांच्या वयाला कळेल असे सांगा, "चाचांच्या मेंदूला आजार झाला आहे. त्यांना कधी कधी जे ऐकू येते ते आपल्याला येत नाही. यात तुझी काही चूक नाही." न सांगितलेले मूल स्वतःच कारण शोधते, आणि बहुतेक वेळा ते कारण त्याला स्वतःतच सापडते.

दुसरी, मुलांच्या हाती कागद द्या. घरात काय चालले आहे ते शब्दांत सांगता न येणारे मूल रेषेत सांगते. चित्र सुंदर आहे की नाही, हे बघू नका. सुधारू नका. "यात काय आहे ते मला सांगशील?" एवढेच विचारा आणि गप्प राहा. आजारी माणसालाही कागद हवासा वाटला तर त्यालाही द्या.

तिसरी, शुभंकराला विसावा द्या. बहुतेक घरांत हे ओझे एकाच बाईवर असते, आईवर, सुनेवर किंवा बिनलग्नाच्या बहिणीवर. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्या कुणीतरी सांभाळावे. नातेवाईकांनी डबा घेऊन जावे, जसे इतर आजारात जातो.

चौथी, वेळ घालवू नका. आमच्या भागातून सेवाग्राम आणि सावंगी येथील मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जाणे लगेच जमत नसेल तर शासनाची 'टेली-मानस' सेवा आहे. 14416 या क्रमांकावर कधीही, विनाशुल्क, मराठीत बोलता येते. कुणी जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल तर ते नाटक समजू नका. त्याच्याजवळ बसा, एकटे सोडू नका आणि हा क्रमांक त्याच क्षणी लावा.

पाचवी गोष्ट मशिदीच्या इमाम साहेबांसाठी आणि आमच्यासारख्या शिक्षकांसाठी. लोक डॉक्टरांच्या आधी आपल्याकडे येतात. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा जरी सांगितले की मनाचा आजार ही शिक्षा नाही आणि लाजही नाही, तरी कितीतरी घरांची कडी निघेल.

पुसलेले चित्र

पालकसभेला त्या मुलीची आई आली. चित्राचा विषय आम्ही काढला नाही. फक्त विचारले, "आपा, घरी सगळे बरे आहेत ना?" त्या बराच वेळ बुरख्याची किनार बोटाला गुंडाळत राहिल्या. मग सगळे बाहेर आले. दिराचा आजार आठ वर्षांचा. दोन नणंदा लग्नाच्या. एकदा डॉक्टरांकडे नेले होते, पण गोळ्यांनी झोप फार येते म्हणून महिन्याभरात बंद केल्या. खोलीची चावी त्यांच्याच पदराला असते. "टीचर, मी जेलर झाले," असे म्हणून त्या रडल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही कुणाला सांगू नका."

आम्ही सांगितले नाही. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच निरोप पाठवला की पुन्हा डॉक्टरांकडे जायचे आहे, सोबत येता का? घरून आम्ही दोघे गेलो. डॉक्टरांनी औषध बदलून दिले आणि मनाने बंद करायचे नाही, हे तीनदा बजावले.

आजार गेलेला नाही. काही दिवस वाईट जातात. एका नणंदेचे स्थळ खरे कळल्यावर फिरले, हेही लिहायला हवे. दुसऱ्या घरच्यांना सुरुवातीलाच सांगितले आणि त्यांनी होकार दिला. चाचा आता असरनंतर अंगणात खाटेवर बसतात. बाहेरची कडी काढून टाकली आहे.

यंदाही आम्ही वर्गात तोच विषय दिला. मुलगी आता वरच्या वर्गात आहे, पण सुट्टीत येऊन तिने आपली वही दाखवली. अंगण, खाट आणि खाटेवर एक माणूस. त्याला डोळे होते, दाढी होती, हातात चहाचा कप होता. या वेळी आम्ही काही सुधारले नाही.

अल्लाह तआला प्रत्येक आजारी मनाला शिफा देवो, त्याची सेवा करणाऱ्यांना बळ देवो आणि आपल्याला भले शब्द बोलण्याची तौफीक देवो. आमीन.